ऑफिसच्या ग्रुपसोबत पहिल्यांदाच स्नोशूइंगला (बुटांखाली रुंद चौकटी, म्हणजे स्नोशू, बांधून बर्फात चालायला) जातोय, सगळे साताऱ्याचे. सह्याद्रीतल्या ट्रेकची सवय पुरेल का?

दम पुरेल, पण चालण्याची सवय बदलावी लागेल. मीही साताऱ्याचाच. आम्ही ऑफिसची मंडळी गुलमर्गला गेलो होतो. बहुतेक जण रोज सकाळी अजिंक्यतारा चढणारे, त्यामुळे सगळे सुसाट निघाले आणि तासाभरात आतून घामाने भिजले. आपल्याकडे घामावर वारा लागला की बरं वाटतं. तिथे थांबलात की तोच घाम गार पडून हुडहुडी भरते. म्हणून निघताना जरा थंडी वाजेल इतकेच कपडे घाला. जाड जाकीट सॅकमध्ये वर ठेवा आणि थांबलात की लगेच चढवा. सुती टी-शर्ट आणि जीन्स घरीच राहू द्या, भिजल्यावर ते वाळत नाहीत.

ताज्या बर्फात नुसत्या बुटांनी चालणं म्हणजे जावळीतल्या चिखलणी केलेल्या खाचरातून चालणं. स्नोशूमुळे वजन मोठ्या जागेवर पसरतं, म्हणून पाय कमी रुततो. बांधताना पट्ट्यांची टोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला आली पाहिजेत. आत लोंबली की दुसऱ्या स्नोशूखाली सापडतात आणि माणूस सरळ तोंडावर पडतो. पाय थोडे फाकवून टाका. मागे पाऊल टाकू नका, स्नोशूचं मागचं टोक बर्फात घुसतं. वळायचं असेल तर मोठा वळसा घ्या. चढावर स्नोशूच्या तळाशी असलेल्या पुढच्या धातूच्या दातांवर जोर द्या, उतारावर गुडघे किंचित वाकवा.

ग्रुपसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाट पाडणं. पुढचा माणूस कोऱ्या बर्फात वाट तुडवतो आणि मागचे त्याच्या ठशांवरून आरामात येतात. दमतो तो एकटाच. म्हणून पाळ्या लावा: थोडं अंतर गेलं की पुढच्याने बाजूला व्हायचं, रांग जाऊ द्यायची आणि शेवटी जाऊन लागायचं. आमच्याकडे साहेबांचीही पाळी होती, आणि पाळी संपल्यावर तेही गुपचूप शेवटी उभे राहायचे. हे निघण्याआधीच बोलून घ्या, कारण ऑफिसच्या माणसांना वरिष्ठांपुढे ‘दमलो’ म्हणायला जड जातं. वेग मात्र सगळ्यात हळू चालणाऱ्याचा धरायचा.

गुलमर्ग साधारण 2650 मीटरवर आहे, अजिंक्यतारा जेमतेम 1000. पहिल्या दिवशी नुसतं फिरा, भरपूर पाणी प्या. स्थानिक गाईड घ्याच. हिमस्खलन बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या उतारांवर होतं, आणि तो उतार वरून किती शांत दिसतो यावर जाऊ नका. गाईड ‘नको’ म्हणाला की परत फिरा, हुज्जत घालायची नाही.

काळा चष्मा ढगाळ दिवशीही लावा. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे झाकणाकडचं पाणी मोकळं राहतं. आणि कंदी पेढे न्या, पण जाकिटाच्या आतल्या खिशात, म्हणजे हातमोजे घालूनही पटकन काढता येतील आणि दगड होणार नाहीत.