दाढदुखी एचबीच्या नावावर खपू देऊ नका

ताई, मुलगा सात वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर (अंगात हिमोग्लोबिन नीट तयारच होत नाही), दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं, आणि हडपसरच्या डेंटिस्टनी 'रक्ताचा आजार आहे, दाढेला हात लावत नाही' म्हणून परत पाठवलं. थांबू का, असं विचारलंयत. थांबू नका.

माझी लेक आता सोळाची आहे. आठ वर्षांची असताना रक्ताची तारीख जवळ आली की किरकिर, जेवण बंद. एचबी (हिमोग्लोबिन) उतरलंय, आम्ही म्हणायचो. पण रक्त चढवून आणल्यावरही ती पोळी दुधात कुस्करून एकाच बाजूने चावायची. हे सासूबाईंनी हेरलं. बॅटरी मारून पाहिलं तर मागच्या दुधाच्या दाढेत ज्वारीचा दाणा बसेल एवढा खड्डा! फेरिटिनचे, म्हणजे अंगात साठलेल्या लोहाचे, आकडे आम्हाला तोंडपाठ, पण तोंडात कुणी डोकावलंच नव्हतं.

तुमच्या डेंटिस्टच्या डोक्यात बहुधा हिमोफिलिया असावा. त्यात रक्त लवकर गोठत नाही, म्हणून दात काढण्याआधी ते गोठवणारं फॅक्टर द्यावं लागतं. आपल्या मुलांचं तसं नसतं. प्लीहा वाढलेली असली तर प्लेटलेट कमी असू शकतात, म्हणून ताजा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि रक्ताच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन लहान मुलांच्या डेंटिस्टकडे जा. रक्त चढल्यावर दोन-चार दिवसांत गेलेलं बरं, तेव्हा पोराला तरतरी असते. प्लीहा काढलेली असेल तर आधीच सांगा, अँटिबायोटिकचं ते ठरवतील.

लोह उतरवणाऱ्या डेफेरासिरॉक्सची विरघळणारी गोळी संत्र्याच्या रसातून देता का? आम्ही द्यायचो, रोज, तोही पॅकेटचा गोड रस. साध्या पाण्यातही चालते. रसच हवा असेल तर नंतर चूळ भरायला लावा, ब्रश अर्ध्या तासाने.

एक मात्र कडक लक्षात ठेवा: डेफेरिप्रोन (हेही लोह उतरवणारंच औषध) चालू असताना ताप आला, घसा दुखला किंवा तोंडात फोड आले, तर 'उष्णता झाली' म्हणून गुलकंद देत बसू नका. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात.

या आजारात वरचा जबडा पुढे येतो तो हाडांतली मज्जा वाढल्यामुळे. वेळेवर रक्त मिळालं तर ते बरंच टळतं. आमच्या लेकीला सुरुवातीला उशीर झाला होता. शाळेत चिडवायचे, फोटोत ती तोंडावर हात धरायची. तारा लावल्या, पण हाडं नाजूक म्हणून अगदी हळूहळू. गणपतीतल्या फोटोत पहिल्यांदा हात खाली होता.

पुढची रक्ताची तारीख कधी आहे? त्याच आठवड्यातली डेंटिस्टची वेळ आजच घेऊन टाका.