बलूनचं बुकिंग झालंय आणि मला उंचीची भीती वाटते, काय करू?

"मॅडम, पैसे भरून झालेत, व्हिसा पण आलाय, आणि मला रोज रात्री तीनला जाग येतीय." जुळे सोलापूरच्या एक ताई हेच सांगत माझ्याकडे समुपदेशनाला आल्या (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). मुलगा जर्मनीत असतो, त्याने आईवडिलांना तुर्कस्तान दाखवायचं ठरवलं आणि कॅपाडोकियात पहाटेच्या हॉट एअर बलूनचं तिघांचं बुकिंग सरप्राइज म्हणून करून टाकलं. ताईंना उंचीची भीती लहानपणापासून, गच्चीवर वाळवण घालायला गेल्या तरी कठड्यापासून चार हात लांब, पण घरात कुणाला धड माहीत नाही कारण तशी वेळच कधी आली नाही.

परदेशी सहलीला निघालेल्यांकडून ही काळजी हल्ली बऱ्याचदा ऐकते म्हणून लिहितेय.

ताई रात्री मोबाइलवर अपघाताचे व्हिडिओ बघत बसायच्या. इजिप्तमध्ये लक्झरला २०१३ मध्ये बलूनला आग लागून १९ माणसं गेली, तो तर पाठ झालेला. "असं काही होत नाही हो" असं मी म्हटलं नाही, कारण ते झालेलं आहे. मी वहीची दोन पानं करायला लावली, एकावर ज्यांना उत्तर आहे ते प्रश्न आणि दुसऱ्यावर उत्तर मिळालं तरी परत परत येतात ते.

पहिलं पान पटकन भरलं. पडले तर? बास्केटचा काठ साधारण छातीपर्यंत येतो आणि आत कप्पे असतात. वारा सुटला तर? तिथलं नागरी विमान वाहतूक खातं हवामान बघून परवानगी देतं, नाही दिली तर त्या दिवशी कुणाचाच बलून उडत नाही, आणि पहाटेची वेळ धरतात तीही त्यासाठीच, ऊन तापलं की जमिनीवरची हवा वर उठायला लागते, त्याआधी ती शांत असते. बलून वाऱ्याबरोबरच वाहतो म्हणून वर अंगाला वारं फारसं लागत नाही. पायलटच्या हातात मुख्यतः वर जाणं आणि खाली येणं, दिशा बदलायची तर वेगळ्या उंचीवरचा वारा शोधायचा. उतरताना गुडघे थोडे वाकवून आतले दोर घट्ट धरायचे, हे आम्ही माझ्या खोलीत खुर्चीची पाठ धरून करूनही बघितलं.

दुसऱ्या पानावर एकच वाक्य चारदा लिहिलेलं, "वर गेल्यावर घाबरले आणि उतरता आलं नाही तर?" याला माहिती कितीही द्या, पुरत नाही, इथे सरावच लागतो. आधी स्वतःच्या गच्चीचा कठडा, मग बहिणीच्या पाचव्या मजल्याची गॅलरी. नियम एवढाच की भीतीला शून्य ते दहा आकडा द्यायचा आणि आकडा उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही, कारण भीती टोकाला असताना पळालं की मनात पक्कं बसतं की पळालो म्हणून वाचलो. यजमान म्हणाले मी हात धरतो की. मी नको म्हटलं, त्यांनी शेजारी उभं राहावं पण हात धरू नये, नाहीतर सगळं श्रेय त्या हातालाच जातं.

जानेवारी होता, सोलापुरात होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा भरलेली. ताई मोठ्या पाळण्यात बसल्या आणि खाली माणसं चढवायला पाळणा थांबला तेव्हा ह्यांचा डबा नेमका वरच! उतरायची सोयच नाही, म्हणजे वहीतलं वाक्य तसंच्या तसं समोर. दांडा धरून बसल्या, आकडा नऊ, मग आठ, आणि खाली यायच्या आत पाच, मधेच सिद्धेश्वराच्या देवळाचे दिवे पण बघितले म्हणे. मला फार आनंद झाला त्या दिवशी.

त्याच आठवड्यात मुलाला फोनवर सांगितलं की ऐनवेळी मी नाही म्हटलं तर रागवायचं नाही. तो म्हणाला, "आई, आधी सांगायचं ना!" मला विचाराल तर हा फोन पाळण्याइतकाच महत्त्वाचा होता, घरचे खूष व्हावेत म्हणून जबरदस्तीने चढणारी माणसं वर जास्त घाबरतात असा माझा अनुभव आहे.

तिकडे पहिल्या दिवशी वाऱ्यामुळे उड्डाण रद्द, दुसऱ्या दिवशी गेल्या. सुरुवातीला सात होता म्हणाल्या, त्यात डोक्यावर बर्नरचा आवाज आणि धग, मग ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या दगडाचे ते सुळके जवळून जायला लागले आणि आकडा बघायचंच राहिलं.

तुमचंही बुकिंग असेल तर ते मुक्कामाच्या पहिल्याच सकाळचं ठेवा, रद्द झालं तर पुढचा दिवस हातात राहतो. गरोदर असाल तर घेत नाहीत, गुडघ्याचं किंवा पाठीचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि भीती कमी व्हायची गोळी शेजारणीकडून मागून खाऊ नका. निघायला महिना-दीड महिना असेल तर सराव आजच गच्चीपासून सुरू करा.