डिअरबॉर्नला मुलीचं गाणं चालू राहील का?

तुम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला राहायला येताय आणि विचारलंत, "तिथे निम्मी वस्ती अरबी आहे म्हणे, मुलीच्या गाण्याचं काय होईल?" व्हिसा, भाडं, विमा यांची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. गाण्याचा प्रश्न मात्र दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

वस्ती निम्म्याहून जास्तच अरबी आहे. पण 2020 च्या जनगणनेच्या फॉर्मवर त्यांच्यासाठी वेगळा रकानाच नव्हता. 'गोरे' वर खूण करून खाली 'लेबनीज' लिहायचं. शेजारच्या खाला (तिकडेही मावशीला हाच शब्द) हे सांगताना अजून चिडतात. मीही चिडते. माझ्या वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही, त्यापायी मुलीचा शाळाप्रवेश तीन आठवडे लटकला. लसीकरणाचे कागद इंग्रजीत करून आणा, आणि सगळीकडे नाव एकच ठेवा.

खालांकडे गुरुवारी रात्री उम्म कुल्सूम लागते, इजिप्तची मोठी गायिका. कैरो रेडिओवर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिची मैफल असायची. बाई 1975 साली गेल्या, खालांचा गुरुवार चालूच आहे. एकेक गाणं तासभर. लोक ओरडतात आणि ती तीच ओळ पुन्हा, वेगळी करून घेते. आपल्या संगीत नाटकातला वन्स मोअरच की!

मुलगी आठ वर्षांची होती. आजीनं शिकवलेला भैरव सकाळी घोकत असे. एकदा खाला वाटीभर ऑलिव्ह घेऊन दारात. "हिजाझ कोण गातंय?" मकाम म्हणजे आपल्या रागासारखं काहीतरी; त्यांच्या हिजाझ मकामचे पहिले चार सूर म्हणजे आपले सा, कोमल रे, ग, म. मग त्यांचा मुलगा ऊद हे त्यांचं तंतुवाद्य घेऊन आला. ऊदला पडदे नसतात, त्यामुळे पियानोच्या दोन पट्ट्यांमधले सूरही त्यावर निघतात. बयाती मकामात तसे लागतातच. दोघांनी तासभर धुडगूस घातला.

शाळेत मात्र कॉयरच्या, म्हणजे समूहगानाच्या बाईंनी पियानोची पट्टी दाबून सांगितलं, मुलगी सुरात गात नाही. मागच्या रांगेत उभी राहा आणि नुसते ओठ हलव! आठ वर्षांच्या पोरीला! आजही आठवलं की डोकं तापतं.

एकटेपणाचं विचाराल तर असतो, सवय होते.

शाळेला मी अकरा वर्षं शिव्या देतेय. पण त्या रात्री पेटी पुढ्यात ओढून "हा रे पट्टीवर आहे तसा लाव, आजीसारखा हलवू नकोस" असं सांगणारी मीच होते. महिनाभरात तिनं गाणंच सोडलं. आता खालांच्या घरच्या लग्नात 'दबके' हा अरबी नाच नाचते, सगळ्यांबरोबर हात धरून, पाय बरोब्बर ठेक्यावर आपटत. अरबी गाण्याचे शब्दही येतात तिला. मी टेबलाशी बसून टाळ्या वाजवते.

पेटी भारतातून आणू नका, आमची आहे. एक पट्टी अडकते, तेवढी करून घ्यावी लागेल.