नाशिकहून सहा जणांनी क्रूझला जायचं तर कोणती कंपनी निवडावी?

ताई, तुम्ही सिडकोतले सहा जण: तुम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. दिवाळीच्या सुटीत पहिल्यांदाच क्रूझ करायची आहे आणि मुंबईहून निघणारी कॉर्डेलिया, सिंगापूरहून निघणाऱ्या रॉयल कॅरिबियन आणि गेंटिंग ड्रीम या तिघांत घोळ होतोय. आम्ही इंदिरानगरचे. आत्तापर्यंत दोन सफरी झाल्या, एक मुंबईहून आणि एक सिंगापूरहून. दोन्ही वेळा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बरोबर होत्या. त्यांचं वय ७१, दोन्ही गुडघे दुखरे. त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी घरचा वाटला.

माझं मत स्पष्ट सांगते. कंपनी सगळ्यात शेवटी ठरवा. आधी घरातलं सगळ्यात म्हातारं आणि सगळ्यात लहान माणूस डोळ्यांसमोर आणा. तुम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा मुलगा कुठल्याही जहाजावर रमाल. सफर साधते की बिघडते ते सासूबाईंच्या गुडघ्यांवर आणि चार वर्षांच्या पोरीच्या झोपेवर.

दुसरं म्हणजे कंपनीचं नाव आणि जहाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईहून फिरणारं कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलं गेलं, आणि सुरुवातीला ते चालवलं होतं रॉयल कॅरिबियननेच. तेव्हा त्याचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस'. लोक 'देशी की परदेशी' असा वाद घालतात तेव्हा मला हे आठवतं. फरक आहे तो वयाचा आणि आकाराचा. एम्प्रेस साधारण २११ मीटर लांब. गेंटिंग ड्रीम हे तर जहाजाचंच नाव, ते २०१६ सालचं, ३३५ मीटर. रॉयल कॅरिबियनचं 'स्पेक्ट्रम' २०१९ चं, ३४७ मीटर. लहान जहाजावर आईंना जेवणाच्या हॉलपर्यंत चालणं सोपं गेलं, तिसऱ्या दिवशी त्या एकट्या जाऊन चहा घेऊन आल्या. मोठ्या जहाजावर लिफ्टपासून खोलीपर्यंतच इतकं चालणं झालं की मधे एकदा भिंतीच्या कठड्याला धरून त्यांना थांबावं लागलं. उलट मुलांना मोठ्या जहाजावर दिवस पुरत नाही. रॉयल कॅरिबियनच्या सिंगापूरहून निघणाऱ्या सफरींना जहाज हंगामानुसार बदलतं, म्हणून जाहिरातीतला पाण्याचा खेळ किंवा काचेचा पाळणा आपल्या तारखेच्या जहाजावर आहे का, ते जहाजाचं नाव विचारूनच पक्कं करा.

आता बोट लागण्याचं. एक सोपी चाचणी सांगते. कसारा घाटात कुणाला मळमळतं? तुमच्या घरात तसं कुणी असेल तर समुद्राचा मार्ग आणि महिना कंपनीपेक्षा महत्त्वाचा. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो. पण पावसाळा संपला म्हणजे झालं, असंही नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वादळं येतात. २०१९ ची ऐन दिवाळी आठवा, तेव्हा अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ होतं. मुंबईहून जायचंच असेल तर मी दिवाळी सोडून जानेवारी-फेब्रुवारी घेईन. सिंगापूरहून पेनांगकडे जाणारा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो. एका बाजूला सुमात्रा, दुसऱ्या बाजूला मलेशिया, त्यामुळे पाणी बरंच शांत. आमच्या सफरीत आईंना तिथे बोट लागली नाही, मुंबईच्या सफरीत मात्र पहिली रात्र त्यांनी आलेपाकावर काढली. गोळी द्यायची तर निघण्याआधीच फॅमिली डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः सासऱ्यांना बीपीची किंवा प्रोस्टेटची औषधं चालू असतील तर.

एक गोष्ट मला आधी कुणीच सांगितली नव्हती, आणि ती मी तुम्हाला आवर्जून सांगते. जहाज प्रत्येक ठिकाणी धक्क्याला लागत नाही. लक्षद्वीपला ते बेटापासून दूर नांगर टाकून उभं राहतं आणि तिथून छोट्या बोटीतून माणसं किनाऱ्यावर नेतात. जहाजाच्या खालच्या दारात आम्ही रांगेत उभे होतो. समोर होडी लाटेबरोबर एक पायरीभर वर यायची, पुन्हा खाली जायची. दोन माणसं दोन्ही दंड धरायची आणि होडी वर आली की म्हणायची, 'आता!' त्या क्षणी पाऊल टाकायचं. आमचा नंबर आला तेव्हा आईंनी होडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'तुम्ही जाऊन या गं, मी वर बसते.' यात दोष कुणाचाच नाही, तिथला समुद्रच तसा आहे. पण ज्या बेटासाठी त्या महिनाभर उत्साहात होत्या, ते त्यांनी डेकवरच्या खुर्चीतून पाहिलं. मला तो दिवस अजून टोचतो.

म्हणून बुकिंगआधी प्रत्येक बंदराबद्दल एकच प्रश्न विचारा: जहाज धक्क्याला लागणार की होडीने जायचं? गोव्याला मुरगावला आणि कोचीला धक्का आहे. पेनांगला जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं आणि जुनं शहर चालत जाण्याइतकं जवळ आहे, तिथे आई मजेत उतरल्या. फुकेतला मोठी जहाजं बहुधा बाहेरच उभी राहतात. आणि एका विशिष्ट बेटासाठीच पैसे भरू नका. हवा बिघडली तर बंदर बदलायचा किंवा वगळायचा अधिकार कंपनी करारात स्वतःकडे ठेवते.

खोलीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथेच आम्ही चुकलो. पैसे वाचवायचे म्हणून पहिल्या वेळी बिनखिडकीची खोली घेतली. दार लावून दिवा घालवला की मिट्ट काळोख. रात्री अडीच वाजता आई उठून बसल्या, 'उजाडलं का गं?' मी घड्याळ दाखवलं. साडेतीनला पुन्हा तेच. आयुष्यभर पहाटे पाचला उठून दूध तापवणाऱ्या बाईला उजेडच दिसला नाही तर दिवस कसा उगवायचा? सिंगापूरला त्यांच्यासाठी खिडकीची खोली घेतली, तर सकाळी त्या काचेजवळ माळ घेऊन बसलेल्या दिसल्या. तुम्ही दोघं आणि मुलं आतली खोली घ्या, मुलांना छतातून खाली येणाऱ्या बंकचं फार कौतुक वाटतं. चार वर्षांच्या मुलीला मात्र वरच्या बंकवर झोपवू नका. सासू-सासऱ्यांना खिडकी द्या. दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर मागा. मधे आणि खाली हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात. एम्प्रेसवर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच आहेत, आणि चार वर्षांचं मूल बरोबर असताना मी बाल्कनीचा आग्रहही धरणार नाही.

मुलीचं सांगायचं तर बहुतेक मोठ्या कंपन्यांचा मुलांचा क्लब तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी असतो आणि मूल डायपरमधून सुटलेलं लागतं. रॉयल कॅरिबियनचा तीन ते बारा वयाचा क्लब भाड्यातच धरलेला असतो, तिथे तुमच्या दोन्ही मुलांची सोय होईल. डायपर लावलेल्या मुलांना सहसा तलावात उतरू देत नाहीत. डिस्नेच्या सिंगापूरच्या तीन-चार रात्रींच्या सफरी जवळजवळ पूर्ण समुद्रावरच्या आहेत, बंदरं नाहीत. मुलांना ते आवडेल, पण सासऱ्यांना गाव बघायची हौस असेल तर त्यांचा हिरमोड होईल.

जेवणाची काळजी आपल्याकडच्या लोकांना सगळ्यात जास्त, पण खरं तर तिथे सगळ्यात कमी अडचण येते. कॉर्डेलियावर शाकाहारी आणि जैन जेवण सहज मिळतं. गेंटिंग ड्रीमवरही भारतीय शाकाहारी सोय चांगली आहे. रॉयल कॅरिबियनवर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा. आमची एकादशी नेमकी समुद्रात आली. साबुदाणा नव्हता, पण आदल्या रात्री वेटरला समजावून सांगितलं तर सकाळी उकडलेले बटाटे, फळं आणि गरम दूध टेबलावर हजर. घरचे डबे, शिजवलेलं अन्न आत नेऊ देत नाहीत. चिवड्याची हवाबंद पाकिटं चालली. आणि विजेची किटली घरीच ठेवा. आगीच्या भीतीने किटली आणि इस्त्री जहाजावर चालत नाही, सामान तपासणीतच काढून घेतात. सासऱ्यांना पहाटेचा चहा लागत असेल तर तो किती वाजता आणि कुठे मिळतो ते पहिल्याच संध्याकाळी विचारून ठेवा.

पैशाचं एकच सांगते, पण नीट लक्षात घ्या. आम्हाला पहिल्या वेळी एका एजंटने माणशी आकडा सांगितला, आम्ही सहाने गुणून बजेट केलं, आणि पैसे भरायच्या दिवशी बंदर-शुल्क, कर आणि सेवाशुल्क वेगळं निघालं. सहा डोकी म्हटल्यावर ती रक्कम छोटी नव्हती. वर त्याने दोन खोल्या दोन वेगळ्या मजल्यांवर दिल्या होत्या. एका खोलीतल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला भाड्यात सवलत असते, पण बंदर-शुल्क आणि कर माणशीच लागतात. मोठ्या परदेशी कंपन्या टीपही माणशी, दर रात्रीची अशी खात्यावर लावतात. इंटरनेट आणि बंदरावरच्या सहली वेगळ्या. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे बिलाबरोबरच आगाऊ आयकर, घेतात, तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, त्यामुळे पावती जपून ठेवा. फोन जहाजावर चढताच एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रहाच्या नेटवर्कला चिकटतो आणि घरी आल्यावर बिल बघून डोळे पांढरे होतात.

कागदपत्रांत मुंबई-गोव्यासारख्या सफरीला सरकारी ओळखपत्र पुरतं. लक्षद्वीपला परवाना लागतो, तो कोण काढणार ते विचारा. सिंगापूरला व्हिसा लागतोच, आणि जहाज बाहेर जाऊन परत सिंगापुरात येतं म्हणून तो एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, ते तपासा. सगळ्यांच्या पासपोर्टची मुदत परतीनंतर निदान सहा महिने हवी. मुलांचे पासपोर्ट पाच वर्षांतच संपतात, तो घोळ शेवटच्या महिन्यात लक्षात येतो.

नाशिकहून जायचं म्हणजे आदल्या दिवशीच मुंबई गाठा. तसं सकाळची पंचवटी एक्सप्रेस पावणेअकराच्या सुमारास सीएसएमटीला पोचते आणि जहाज जिथून सुटतं तो बॅलार्ड पिअर धक्का तिथून टॅक्सीने अगदी जवळ आहे, पण गाडी रखडली तर जहाज थांबत नाही. सिंगापूरलाही विमान आणि जहाज एकाच दिवशी ठेवू नका.

आता तुमच्यासाठी माझा सल्ला. दिवाळीच पक्की असेल आणि बजेट झेपत असेल तर सिंगापूरहून पेनांग असलेली तीन-चार रात्रींची सफर घ्या. जेवण आणि सासू-सासऱ्यांची सोय आधी बघायची असेल तर गेंटिंग ड्रीम, मुलाची हौस आधी असेल तर रॉयल कॅरिबियन. मी तुमच्या जागी असते तर गेंटिंग घेतलं असतं. बजेट आवरायचं असेल तर दिवाळी सोडा, जानेवारीत कॉर्डेलियाची मुंबई-गोवा दोन-तीन रात्रींची सफर करा. पहिल्या वेळेला तेवढी पुष्कळ झाली. मुलीला समुद्र मानवतो का तेही कळेल.

पैसे भरण्याआधी खोल्यांचे नंबर लेखी मागून घ्या. आले की इथेच टाका, त्या जहाजाचा डेक-प्लॅन काढून लिफ्ट किती लांब पडते ते मी बघून सांगते.