५५ रन काढले आणि हरले: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की बेसबॉलमध्ये माझी टीम म्हणजे पिट्सबर्ग पायरेट्स, आणि आपल्या नाशिकमध्ये यावर कुणी काही विचारेल असं खरंच वाटलं नव्हतं. पण पत्रं आली, मेसेज आले, एकाने तर मिसळीच्या टेबलावर गाठून विचारलं. त्यातले जमतील तेवढे घेतलेत.

माझा मुलगा पिट्सबर्गला असतो. मे महिन्यात आम्ही दोघं जाणार आहोत आणि त्याने पायरेट्सच्या मॅचची तिकिटं काढून ठेवलीत. आमच्या ह्यांना क्रिकेटशिवाय काही गोड लागत नाही, त्यात ही टीम कायम हरते म्हणे. मग बघायचं काय? – एक काकू, गंगापूर रोड

काकू, हरते हे खरंय, लपवून काय उपयोग. १९९३ ते २०१२ असे सलग २० सीझन या टीमने जिंकल्या त्यापेक्षा जास्त मॅच हरल्या, तिकडच्या कुठल्याच मोठ्या प्रोफेशनल खेळात एवढी लांब रांग दुसऱ्या टीमची नाही. म्हणजे १९९३ ला पहिलीत गेलेलं पोर नोकरीला लागलं तरी टीम आपली हरतेच आहे.

आणि हे सुरू कुठून झालं तर १४ ऑक्टोबर १९९२ च्या रात्री, अटलांटात. ही एक मॅच जिंकली की थेट वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिकडची फायनल, शेवटच्या म्हणजे नवव्या इनिंगला पायरेट्स २-० ने पुढे, आणि तिथून मॅच घालवली. २-२ झाल्यावर शेवटचा रन काढला सिड ब्रीमने, जो आधी पायरेट्समध्येच खेळायचा, गुडघ्याची ऑपरेशन्स झालेला, पळायला टीममधला सगळ्यात स्लो. बॅरी बाँड्सने लेफ्ट फील्डमधून थ्रो मारला, कॅचरने (आपल्या विकेटकीपरसारखा) पकडून बॉल अंगाला लावून आऊट करेपर्यंत हा घसरत होम प्लेटवर, म्हणजे रन पुरा होतो तिथे, पोचला होता. फरक किती, तर वीतभर. त्याच हिवाळ्यात बाँड्स टीम सोडून गेला आणि मग वीस वर्षं नुसता दुष्काळ.

म्हणून १ ऑक्टोबर २०१३ ची मॅच जमलं तर मुलाला लावायला सांगा. एवढ्या वर्षांनी घरच्या मैदानावर प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरची बादफेरी, सगळं पब्लिक काळे कपडे घालून आलेलं, समोर सिनसिनाटीचा पिचर, म्हणजे त्यांचा बॉलर, जॉनी क्वेटो. लोकांनी त्याचं नाव घेऊन ओरडायला सुरुवात केली, क्वेऽऽटो, क्वेऽऽटो, आपल्याकडे सचिऽऽन सचिन व्हायचं ना त्याच चालीत, फक्त इथे हेतू त्याला छळायचा. आणि उभ्या उभ्या त्याच्या हातातून बॉल सटकून खाली पडला! स्टेडियम हसून हसून वेडं झालं, आणि लगेच पुढच्याच बॉलला पायरेट्सच्या रसेल मार्टिनने होमरन मारला, म्हणजे आपला सिक्सच समजा. ६-२ ने जिंकले.

काकांना सांगा, मॅच नाही आवडली तरी पूल आवडेल. स्टेडियम अगदी नदीकाठी आहे, आणि मॅचच्या दिवशी समोरचा रॉबर्टो क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद करतात. आपल्या होळकर पुलावरची वाहतूक बंद करून अख्खं गाव चालत मॅचला निघालंय असं डोळ्यासमोर आणा, तसंच.

१९६० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्कच्या यांकीज टीमने ५५ रन केले, पायरेट्सने २७, तरी पायरेट्स चॅम्पियन असं वाचलं. छापताना चूक झाली का? – एक वाचक, सातपूर

चूक नाही हो. सात मॅचची सिरीज, आधी चार जिंकेल तो राजा, आणि रन पुढच्या मॅचला कॅरी होत नाहीत. यांकीजने तीन मॅच जिंकल्या त्या १६-३, १०-०, १२-० अशा, नुसती धुलाई. पायरेट्सने मधल्या मधे ६-४, ३-२, ५-२ करत तीन काढल्या. झाले ३-३. एकाने तीनदा पार आडवं पाडायचं आणि दुसऱ्याने तीनदा हळूच खिसा कापायचा, असला प्रकार.

सातवी मॅच १३ ऑक्टोबरला पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर. पायरेट्स आधी ४-० ने पुढे, मग यांकीज फिरले आणि आठव्या इनिंगपर्यंत ७-४. आता इथे बघा गंमत. बिल व्हर्डनने साधा जमिनीवरून बॉल मारला, सरळ फील्डर टोनी क्युबेककडे, दोन आऊट व्हायचे असला सोपा. बॉल कशावर तरी आपटला, खडा असेल, आणि उसळून क्युबेकच्या थेट गळ्यावर बसला. तो खाली, दवाखान्यात न्यावं लागलं, आऊट कुणीच नाही. त्या एका खड्यावरून पायरेट्सने त्या इनिंगला ५ रन काढले, त्यात हॅल स्मिथचा तीन रनांचा होमरन, स्कोअर ९-७. माझ्या मते मॅचचा खरा हिरो तो हॅल स्मिथ, पण त्याचं नाव आज कोण घेतं?

कारण यांकीजने नवव्या इनिंगला दोन काढून ९-९ केलं. घरची टीम नेहमी मागून बॅटिंग करते, त्यामुळे पायरेट्सची शेवटची पाळी बाकी. पहिलाच बॅटर बिल मॅझेरॉस्की, म्हणजे फील्डिंगसाठी नावाजलेला, होमरनवाला नाहीच. पहिला बॉल सोडला, दुसरा उचलला तो लेफ्ट फील्डच्या भिंतीपलीकडे. तिकडे उभा होता योगी बेरा, दोन पावलं मागे गेला आणि मग बघतच राहिला. १०-९, संपलं. वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच शेवटच्या फटक्याच्या होमरनने संपली अशी आजवर ही एकच. आणि सिरीजचा बेस्ट प्लेअर कोण ठरला माहितीये? हरलेल्या यांकीजचा बॉबी रिचर्डसन!

ते मैदान कधीच पाडलं, पण भिंतीचा तुकडा अजून तिथल्या युनिव्हर्सिटीजवळ उभा आहे आणि दर १३ ऑक्टोबरला लोक तिथे जमून त्या मॅचची जुनी कॉमेंट्री लावतात, त्या होमरनला पुन्हा नव्याने ओरडतात.

आता खास नाशिककरांसाठी. त्या काळी टीव्हीवाले मॅचचं रेकॉर्डिंग सांभाळून ठेवत नसत, त्यामुळे ही मॅच कायमची गेली असंच सगळे धरून चालले होते. पण गायक बिंग क्रॉसबी टीममध्ये भागीदार होता. आपण बघितलं तर टीम हरेल या भीतीने हा गडी पॅरिसला जाऊन बसला (आपल्याकडे नाही का, जागेवरून उठलास म्हणून विकेट गेली), आणि इकडे कुणाला तरी पैसे देऊन टीव्हीवरून मॅच फिल्मवर उतरवून घेतली. २००९ मध्ये ती रीळं सापडली, कुठे, तर त्याच्या घराच्या वाईनच्या तळघरात. आपल्याकडे वाईनची तळघरं काही कमी नाहीत, एकदा सगळे कोपरे नीट बघा म्हणतो मी.

सर, रिंकू सिंग आधी बेसबॉल खेळायचा आणि पायरेट्समध्ये होता हे खरं का? – कॉलेजमधला एक वाचक, सिडको

अरे वेगळा रे तो! पाच सिक्स मारणारा आपला रिंकू अलिगढचा. हा दुसरा रिंकू सिंग, तोही यूपीचाच, पण भालाफेकवाला. २००८ ला एका अमेरिकन एजंटने भारतात येऊन स्पर्धा घेतली, कोण किती जोरात बॉल फेकतं याची. रिंकूने ताशी ८७ मैलांचा बॉल टाकून एक लाख डॉलर जिंकले. तो आणि दिनेश पटेल, दोघांनाही त्याआधी बेसबॉल म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं, वर्षभरात शिकून पायरेट्सशी करार केला. पहिल्या टीमपर्यंत दोघंही पोचले नाहीत, खालच्या लीगमध्ये खेळले. रिंकू पुढे अमेरिकेतच कुस्तीच्या रिंगणात गेला, वीर महान म्हणून तू बघितला पण असशील.

आम्ही बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकलेली माणसं. अमेरिकेत रेडिओवर खेळ कधी सुरू झाला? – एक आजोबा, पंचवटी

आजोबा, तुम्ही विचारलंत आणि उत्तरात पुन्हा पायरेट्सच आले. ५ ऑगस्ट १९२१, फोर्ब्स फील्ड, समोर फिलाडेल्फिया. केडीकेए या पिट्सबर्गच्या स्टेशनवरून हॅरॉल्ड आर्लिन नावाच्या माणसाने पहिल्यांदा मोठ्या लीगची मॅच रेडिओवर सांगितली. पायरेट्स ८-५ ने जिंकले, म्हणजे शकुन तरी चांगला झाला म्हणायचा.

टीमची सगळ्यात वाईट हार कोणती? – नाव नाही, फक्त नाशिक रोड

२६ मे १९५९. पिचर हार्वी हॅडिक्स, अंगात कणकण, सर्दी, तरी मिलवॉकीचे ३६ बॅटर ओळीने आऊट केले, एकालाही पहिल्या बेसवर, म्हणजे रनच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर, पाय ठेवू दिला नाही. १२ इनिंग! नऊमध्ये एवढं केलं तरी माणसाचं नाव कायमचं लागतं. पण ह्याच्या टीमने त्याला एक रन काढून दिला नाही, १२ हिट (बॅटरला बेसवर पोचवणारे फटके) मारून भोपळा. तेराव्या इनिंगला एका फील्डरचा थ्रो चुकला, मग एक फटका बसला आणि १-० ने हरले. वर १९९१ ला नियम बदलून त्याचं नाव ‘नो-हिटर’च्या, म्हणजे समोरच्यांना एकही हिट न देणाऱ्यांच्या, यादीतून काढलं. मला अजून राग येतो, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो तरी.

मी शाळेत सॉफ्टबॉल खेळते. आमच्या मॅडम सारखं क्लेमेंटेचं नाव घेतात. तो कोण? – देवळाली कॅम्प

वर काकूंना सांगितलेला पूल ह्याच्याच नावाचा. रॉबर्टो क्लेमेंटे, प्युर्टो रिकोचा, १९५५ पासून शेवटपर्यंत पायरेट्सकडून राइट फील्डला खेळला. त्याचा थ्रो एवढा जबरदस्त की बॉल त्याच्याकडे गेला की पळणारे जागीच थांबायचे. काळा आणि वर स्पॅनिश बोलणारा, त्यामुळे पेपरवाले त्याचं इंग्रजी मुद्दाम तोडकंमोडकं छापायचे, त्याला प्रचंड संताप यायचा. १ सप्टेंबर १९७१ ला पायरेट्सने मैदानात उतरवलेले नऊच्या नऊ खेळाडू काळे किंवा लॅटिन होते, मोठ्या लीगमध्ये हे पहिल्यांदाच, आणि त्यात हा होता. त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली, बेस्ट प्लेअर हाच.

३० सप्टेंबर १९७२ ला त्याने ३००० वी हिट मारली. त्यानंतर सीझनमध्ये हिटच नाही, त्यामुळे आकडा बरोबर ३००० वर थांबलाय. डिसेंबरात निकाराग्वात मोठा भूकंप झाला, ह्याने प्युर्टो रिकोतून मदत गोळा करून पाठवली, पण ती लोकांपर्यंत पोचतच नाही, वाटेतच लाटली जातेय असं कानावर आलं. मग म्हणाला मीच जातो, माझ्यासमोर कोण हात लावतो बघू. ३१ डिसेंबरच्या रात्री जुनाट विमान, त्यात नको एवढा माल भरलेला, उडाल्या उडाल्या समुद्रात पडलं. तो सापडला नाही. त्याचा दोस्त आणि टीमचा कॅचर मॅनी सँगियेन श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला गेलाच नाही, तो तिकडे पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून त्याला शोधत होता.

हॉल ऑफ फेम म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांचा मानाचा दरबार, त्यात जायला खेळ संपल्यावर पाच वर्षं थांबायचा नियम आहे, त्याच्यासाठी बाजूला ठेवला. त्याचा नंबर २१. काकू, तुम्ही स्टेडियममध्ये बसलात की राइट फील्डची उंच भिंत बघा, ती मोजून २१ फूट बांधलीय.