डोळ्यात घुल्याचे केस गेले, तर ड्रॉप टाकून भागतं का?

नाही भागत. तुम्ही लिहिलंय, शेवग्याखाली झाडताना घुल्याचे, म्हणजे केसाळ सुरवंटाचे, केस डोळ्यात गेले, मेडिकलमधल्या ड्रॉपनं लाली उतरली, आता दवाखान्यात कशाला जायचं? लाली उतरली इथंच माणूस फसतो. अशा ड्रॉपमध्ये बहुधा स्टिरॉइड असतं. सूज दबते, केस तिथंच राहतो.

घुल्याच्या केसावर बारीक काटे असतात. पापणी हलली, डोळा फिरला की केस पुढंच सरकतो, मागं येत नाही. चोळलं की बुबुळात रुततो.

आमच्याकडं कोरेगावकडच्या एक बाई आल्या होत्या. ड्रॉप बदलून झाले होते, तरी पापणी मिटली की टोचायचं. फ्लुरेसीन हा ओरखडे दाखवणारा रंग टाकून निळ्या उजेडात पाहिलं, तर बुबुळाच्या वरच्या भागावर उभे बारीक ओरखडे. म्हणजे वरच्या पापणीखाली काहीतरी आहे, हे नक्की. पापणी एकदा उलटली, काही दिसेना. रिट्रॅक्टरनं, म्हणजे पापणी ओढून धरायच्या साधनानं, दुसऱ्यांदा उलटली, तेव्हा पार वरच्या खोबणीत केसाचं टोक दिसलं. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, बारीक चिमट्यानं काढला. त्याआधी कुणी पापणीच उलटली नव्हती! ‘कचराच गेलाय, ड्रॉप टाका’ म्हणणाऱ्या मेडिकलवाल्यांशी माझं भांडण आहे ते यावरूनच.

केस गेल्या गेल्या हात साबणानं धुवा, लेन्स असेल तर काढा आणि स्वच्छ पाण्याची बारीक धार डोळ्यावर पंधरा मिनिटं सोडा. गालाकपाळावरचे केस चिकटपट्टीनं उचला, टॉवेलनं पुसू नका. पदराच्या टोकानं काढणं, डोळ्यात दूध घालणं बंद करा. मग त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

स्टिरॉइड वाईट नाही. केस काढल्यावर डॉक्टर स्वतःच देतात, डोळ्याचा दाब बघत. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला (आयरिसला) सूज असेल तर बाहुली मोठी करणारे थेंबही देतात. खोल रुतलेला, त्रास न देणारा केस कधीकधी मुद्दाम ठेवतात, पण मग तपासणी चुकवायची नाही. १९८४ साली कॅडेरा आणि सहकारी डॉक्टरांनी अशा केसांमुळं होणाऱ्या डोळ्याच्या आजाराचे पाच प्रकार मांडले. पाचव्यात केस थेट डोळ्याच्या मागच्या भागात पोचतो, तोही कधी महिन्यांनी. म्हणून ‘किती दिवसांत बरं होतं’ याचा आकडा मी देणार नाही. उजेड खुपला, धूसर दिसलं, डोळ्यापुढं काळे ठिपके तरंगले, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आणि खोडावर घोळक्यानं बसलेले घुले कोरड्या झाडूनं पाडू नका, केस उडतात. आधी साबणाच्या पाण्यानं भिजवा, गॉगल लावून.