सीडीआयने बोअरचं पाणी गोडं करताना वीज परत मिळते का, आणि ती बॅटरीत साठवता येईल का?

तुम्ही विचारलंय की वाघोलीच्या सोसायटीत बोअरचा टीडीएस हजारच्या आसपास आहे, आरओऐवजी सीडीआय म्हणजे कपॅसिटिव्ह डीआयनायझेशन बसवलं तर परत येणारी वीज इन्व्हर्टरच्या बॅटरीत भरून रात्री जिन्यातले दिवे लावता येतील का. वीज परत येते हे खरंय. दिव्यांचं मात्र विसरा.

मी भोसरीत कन्व्हर्टरच्या (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या सर्किटच्या) धंद्यात आहे, त्यामुळे विजेच्या बाजूनेच बोलतो. सच्छिद्र कार्बनच्या दोन इलेक्ट्रोडमधून पाणी सोडायचं, साधारण 1.2 व्होल्ट लावायचे, की सोडियम एकीकडे आणि क्लोराइड दुसरीकडे जाऊन कार्बनच्या छिद्रांत बसतात. म्हणजे सरळसरळ सुपरकपॅसिटरच, भरपूर चार्ज साठवणारा कपॅसिटर. छिद्रं भरली की डिस्चार्ज करायचं, मीठ सुटून ड्रेनला जातं आणि करंट उलटा येतो. साध्या सेटअपमध्ये इथे सेल, म्हणजे ही इलेक्ट्रोडची जोडी, चक्क शॉर्ट करतात, दोन्ही टोकं थेट जोडून टाकतात, सगळी वीज वाया.

आता किती येते ते बघू. हजार लिटर पाणी 1000 वरून 200 पीपीएमवर आणायचं म्हणजे 800 ग्रॅम मीठ काढायचं, सगळं साधं मीठच धरलं तर अगदी आदर्श सेललाही सुमारे 13 लाख कूलंब (चार्ज मोजायचं एकक) लागतात, त्याला 1.2 व्होल्टने गुणलं की 0.44 युनिट. आणि स्थिर व्होल्टेजवर कपॅसिटर चार्ज केला की सप्लायची अर्धी ऊर्जा रेझिस्टन्समध्ये उष्णता होऊन जाते, रेझिस्टन्स कितीही कमी करा, अर्धी जातेच. स्थिर करंटने हळूहळू चार्ज केलं तर हे नुकसान बरंच वाचतं, पण साठलेली ऊर्जा तेवढीच, फार तर 0.22 युनिट. त्यातलीही सगळी मिळत नाही, कारण मीठ पाण्यातून वेगळं करायची किमान किंमत निसर्ग सोडत नाही, शिवाय लीकेज आहे, कन्व्हर्टर आहे. युनिट दहा रुपये धरा, हजार लिटरमागे दोन रुपयेसुद्धा नाहीत.

आणि साठवून ठेवायचं तर कुठे? सेलमध्येच ठेवली तर छिद्रं मिठाने भरलेली, तोवर गोडं पाणी बंद, वर सेल्फ डिस्चार्जने चार्ज गळतो तो वेगळाच. बॅटरीत टाकायची तर 1.2 व्होल्टवरून चढवावी लागते, साध्या डायोडचा ड्रॉपच 0.7 व्होल्ट, म्हणजे निम्म्याहून जास्त तिथेच गेलं. म्हणून डायोडऐवजी मॉसफेट, म्हणजे फार कमी ड्रॉपचा इलेक्ट्रॉनिक स्विच, वापरतात आणि बरेच सेल सिरीजमध्ये जोडतात, पण मग एखाद्या सेलचं व्होल्टेज वर गेलं की त्यात पाण्याचंच विघटन होतं आणि कार्बन खराब होतो, त्यामुळे बॅलन्सिंग, म्हणजे सगळ्या सेलचं व्होल्टेज सारखं ठेवणं, आलंच.

खरा शहाणपणाचा मार्ग दोन सेल जोडीने चालवायचा. एक डिस्चार्ज होताना त्याची वीज बक-बूस्ट कन्व्हर्टरमधून (व्होल्टेज उतरवणारा आणि चढवणाराही) थेट दुसऱ्याला, बॅटरी मध्ये नकोच. नुसत्या वायरने जोडू नका हं, भरलेला कपॅसिटर तेवढ्याच रिकाम्याला जोडला की अर्धी ऊर्जा गायब होते, मध्ये इंडक्टर, म्हणजे कन्व्हर्टरमधली कॉइल, पाहिजेच.

'डिसॅलिनेशन बॅटरी' असं जे वाचायला मिळतं ते प्रकरण वेगळं आहे, 2012 मध्ये सोडियम मँगनीज ऑक्साइड आणि चांदीचे इलेक्ट्रोड वापरून समुद्राच्या पाण्यातलं 25 टक्के मीठ लिटरला 0.29 वॅट-तासात काढलं होतं. चांदी आहे, सोसायटीच्या टेरेसवर कोण बसवणार!

सीडीआय घ्यायचंच तर आरओपेक्षा पाणी कमी फेकलं जातं म्हणून घ्या, टँकरचे पैसे देणाऱ्याला ते जास्त पटेल. फक्त त्याने जंतू मरत नाहीत, यूव्ही वेगळं लावावं लागेल. आणि विक्रेत्याला डिस्चार्जच्या वेळी सेल शॉर्ट करता की कन्व्हर्टर आहे, एवढं नक्की विचारा.